वाचकांचे प्रश्न : घरच्या नेटवर्कवरचा प्लेअर पारखून घेताना

हार्ड डिस्क, जुन्या डिस्क आणि फोन यांत साठलेल्या चित्रफिती घरच्या नेटवर्कवरून टीव्हीवर पाहता याव्यात, यासाठी मिळणाऱ्या छोट्या प्लेअरविषयी पुण्यातील वाचकांनी बरेच प्रश्न विचारले आहेत. ज्यांची उत्तरे इतरांनाही उपयोगी पडतील असे काही प्रश्न येथे घेतले आहेत. वाचकांची नावे न देता केवळ परिसराचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : व्हीएचएस कॅसेटवरून करून घेतलेल्या व्हीसीडी, मिनीडीव्ही कॅमेऱ्यावरील घरगुती चित्रण, मुलीच्या लग्नाची डीव्हीडी आणि अलीकडचे फोनवरील चित्रण असे सर्व मी एका नेटवर्क हार्ड डिस्कवर एकत्र केले आहे. टीव्हीमध्ये यातील काही फायली दिसतच नाहीत, तर काही दिसतात पण त्यांचा आवाज येत नाही. दुकानात प्रत्येक प्लेअरविषयी ‘हा सगळे चालवतो’ एवढेच सांगितले जाते. प्लेअर नीट पारखावा कसा?
– निवृत्त बँक अधिकारी, कोथरूड

उत्तर : प्लेअर पारखण्याचे सर्वोत्तम साहित्य आपल्याजवळच आहे. दुकानात दाखवली जाणारी झगझगीत ४के चित्रफीत कोणत्याही नव्या प्लेअरला सोपी असते, कारण तो बनवताना अशाच चित्रफिती समोर ठेवलेल्या असतात. त्याची खरी कसोटी लागते ती वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या घरगुती चित्रणावर. म्हणून आपल्या संग्रहातील प्रत्येक प्रकारची एकेक अडचणीची फाइल निवडून त्यांचा एक वेगळा फोल्डर करावा आणि कोणताही प्लेअर त्याच फोल्डरवर तपासावा. दुकानात पेन ड्राइव्ह नेऊन तपासणार असाल, तर तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावा, कारण फॅट३२ पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही आणि मिनीडीव्हीची फाइल ती मर्यादा सहज ओलांडते. बुधवार पेठेत तपकीर गल्लीतील दुकानदाराला ‘माझी फाइल लावून दाखवा’ असे सांगण्यात संकोच बाळगण्याचे काहीच कारण नाही. तरीही पेन ड्राइव्हवरची चाचणी ही अर्धीच चाचणी होय, कारण तिच्यात नेटवर्कचा भागच नसतो. त्यामुळे वस्तू परत करण्याची मुदत आधी विचारून घ्यावी आणि उरलेली चाचणी त्या मुदतीत घरी करावी.

आता आपल्या दोन तक्रारींकडे वळू. फाइलच्या नावाच्या शेवटी एमकेव्ही, एमपी४ किंवा एव्हीआय असे जे लिहिलेले असते ते केवळ वेष्टनाचे नाव असते. आतील चित्र आणि ध्वनी कोणत्या पद्धतीने आकुंचित केले आहेत, हे त्यावरून कळत नाही. एकाच एमकेव्ही वेष्टनात जुने एमपेग-२ चित्र असू शकते, २००३ मध्ये प्रमाणित झालेले एच.२६४ असू शकते किंवा २०१३ मधील एच.२६५ असू शकते. टीव्हीने वेष्टनच ओळखले नाही तर फाइल यादीत येत नाही. वेष्टन ओळखले आणि चित्रही उलगडले, पण ध्वनीची पद्धत टीव्हीमध्ये बसवलेलीच नसली, तर मूक चित्र दिसते. मिनीडीव्हीचा मूळ पीसीएम ध्वनी आणि काही डिस्कवरील डीटीएस ध्वनी यांबाबत हे वारंवार घडते.

घरी चाचणी करताना सर्वांत आधी एक गोष्ट पाहावी : प्लेअर फाइल स्वतः उलगडतो आहे, की ते काम दुसऱ्याच्या माथी मारतो आहे. आपल्या हार्ड डिस्कवर जेलीफिन, प्लेक्स किंवा एम्बी यांपैकी एखादा सर्व्हर प्रोग्राम (संग्रहातील चित्रफिती घरातील इतर उपकरणांना पुरवणारा) असेल आणि प्लेअरला एखादी पद्धत उलगडता येत नसेल, तर सर्व्हर ती फाइल चालू असतानाच दुसऱ्या पद्धतीत रूपांतरित करून पाठवतो. हे रूपांतर प्रोसेसरवर मोठा भार टाकणारे असते आणि घरगुती नेटवर्क हार्ड डिस्कचा प्रोसेसर बहुधा त्या तोलाचा नसतो, त्यामुळे चित्र अडखळू लागते आणि दोष मात्र वायफायला दिला जातो. जेलीफिनच्या डॅशबोर्डवर चालू चित्रफितीसोबत ‘डायरेक्ट प्लेइंग’ असे लिहिलेले दिसते की ‘ट्रान्सकोडिंग’, हे पाहिले की उलगडा होतो. आपल्या चाचणी फोल्डरमधील बहुतेक फायली ज्या प्लेअरवर रूपांतराविना चालतात, तोच आपल्या घरासाठी चांगला प्लेअर, मग त्याच्या खोक्यावर काहीही छापलेले असो.

व्हीसीडीची फाइल बहुधा ‘एमपेगएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये डॅट या नावाने असते. आतील चित्र एमपेग-१ पद्धतीचे आणि केवळ ३५२ × २८८ बिंदूंचे असते, म्हणजे ते उलगडणे कोणत्याही उपकरणाला जड नाही. अडचण असते ती वेष्टनाची. संगणकावर ते बदलून एमपीजी किंवा एमकेव्ही केले की तीच फाइल चालते आणि चित्राच्या दर्जाला धक्काही लागत नाही. डीव्हीडीवरील चित्रण सुमारे १ जीबीच्या व्हीओबी तुकड्यांत विभागलेले असते. तुकडे सुटे चालवले तर प्रत्येक सांध्यावर चित्र थांबते, आणि लग्नाच्या डीव्हीडीत तो सांधा नेमका मंगलाष्टकांच्या मध्यावर येऊ शकतो. डीव्हीडीवरील ‘व्हिडिओ_टीएस’ हा संपूर्ण फोल्डर जसाच्या तसा ठेवून प्लेअर तो सलग चालवतो का, हे तपासावे. चालवत नसेल तर सर्व तुकडे जोडून एकच एमकेव्ही फाइल करून घ्यावी.

मिनीडीव्ही ही या सर्वांतील सर्वांत कठीण परीक्षा आहे आणि तिच्यावर थोडा अधिक वेळ खर्च करावा, असे मी आग्रहाने सांगेन. या फायली तासाला सुमारे १३ जीबी जागा घेतात, आणि आपल्याकडील पाल पद्धतीनुसार त्यांतील सेकंदाची २५ चित्रे प्रत्येकी दोन अर्ध्या भागांत, एकाआड एक ओळी घेऊन टिपलेली असतात. यालाच इंटरलेस्ड चित्रण म्हणतात. जुन्या काचनळीच्या टीव्हीवर ते सहज दिसत असे. आजच्या सपाट पडद्यावर मात्र हे दोन भाग हिशेबाने जुळवावे लागतात, आणि प्लेअर ते काम नीट करत नसेल तर हलणाऱ्या वस्तूंच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसतात. चाचणीसाठी भरपूर हालचालीचे दृश्य घ्यावे. विसर्जन मिरवणुकीत ढोल वाजवणारे हात किंवा अंगणात पळणारे मूल यांवर हा दोष लगेच उघड होतो, तर खुर्चीत बसलेल्या आजोबांच्या चित्रणावर तो दिवसभर पाहूनही लक्षात येणार नाही.

त्याच फाइलवर आणखी दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. जुने चित्रण ४:३ प्रमाणातील असते. प्लेअरने ते पडदाभर ताणले तर सगळ्यांचे चेहरे रुंद दिसतात आणि काही दिवसांत डोळ्यांना त्याची सवय होऊन जाते, म्हणून पहिल्याच दिवशी नीट पाहावे. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसत असतील तर प्रमाण योग्य आहे असे समजावे. दुसरी गोष्ट गतीची. बरेच प्लेअर टीव्हीला सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवतात आणि ६० या संख्येला २५ ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे काही चित्रे पडद्यावर दोनदा तर काही तीनदा येतात आणि कॅमेरा एका बाजूकडून दुसरीकडे वळताना दृश्य हिसके देत सरकते. यावर उपाय सेटिंगमध्येच असतो. कोडी या प्लेअर प्रोग्राममध्ये ‘अॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ आणि इतर उपकरणांवर ‘मॅच फ्रेम रेट’ अशा अर्थाचा पर्याय सुरू केला की टीव्ही ५० वर जातो आणि हालचाल सुरळीत होते. हा पर्याय ज्या प्लेअरमध्ये नाही, तो घरगुती चित्रणासाठी मी घेणार नाही. आपल्या देशातील जुने चित्रण जवळजवळ सर्वच २५ चित्रांचे असल्यामुळे ही उणीव रोज जाणवत राहील.

फोनवरील चित्रणाचा प्रश्न वेगळा आहे. आयफोनवर एच.२६५ पद्धतीने केलेले सेकंदाला ३० चित्रांचे ४के चित्रण मिनिटाला सुमारे १७० एमबी भरते, म्हणजे सेकंदाला साधारण २३ मेगाबिट. प्लेअर ते उलगडू शकला तरी फोन उभा धरून केलेले चित्रण तो आडवे पाडतो का, आणि एचडीआर (उजेड-अंधाराचा अधिक मोठा पल्ला टिपणाऱ्या) पद्धतीने टिपलेले रंग साध्या टीव्हीवर फिके पडतात का, हे पाहून घ्यावे. शेवटी प्रत्येक फाइल मध्येच पुढे-मागे सरकवून पाहावी, प्लेअर बंद करून पुन्हा सुरू करावा आणि तो जेथे थांबला होता तेथूनच पुढे चालतो का, हे बघावे.

माझा कल विचाराल तर आपल्यासारख्या संग्रहासाठी अधिकृत अँड्रॉइड टीव्ही असलेला, केबलसाठी लॅन पोर्ट असलेला बॉक्स घ्यावा आणि त्यावर कोडी बसवावे. २००२ मध्ये एक्सबॉक्सवरील प्लेअर म्हणून सुरू झालेल्या आणि २०१४ मध्ये सध्याचे नाव मिळालेल्या या प्रोग्रामला जुन्या पद्धतींची उत्तम जाण आहे, तो विनामूल्य आहे आणि सर्व्हर प्रोग्राम नसला तरी हार्ड डिस्कवरील सामायिक फोल्डर थेट वाचतो. मूळ कॅसेट आणि डिस्क मात्र टाकून देऊ नका. प्लेअर कितीही चांगला निघाला तरी संग्रहाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवणे हे त्याहून महत्त्वाचे काम आहे.

प्रश्न : आम्ही नारायण पेठेतील जुन्या वाड्यात राहतो. राउटर दर्शनी खोलीत आणि टीव्ही माजघरापलीकडे आहे. इंटरनेटवरील मालिका व्यवस्थित दिसतात, पण घरच्या हार्ड डिस्कवरील चित्रण सतत अडखळते आणि कधीकधी प्लेअरला हार्ड डिस्क सापडतच नाही. इंटरनेटची अधिक वेगाची योजना घ्यावी का?
– एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : योजना बदलून काहीही फरक पडणार नाही. घरच्या डिस्कवरील चित्रण इंटरनेटवरून येतच नाही, ते डिस्ककडून राउटरकडे आणि राउटरकडून प्लेअरकडे, घरातल्या घरात जाते. इंटरनेटवरील मालिकेला एचडी दर्जासाठी सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट पुरतात, आणि वेग कमी झाला तर सेवा आपोआप चित्राचा दर्जा उतरवते, म्हणून आपल्याला अडथळा जाणवत नाही. घरची फाइल मात्र आपला आकार कमी करत नाही. मिनीडीव्हीला सेकंदाला जवळपास ३० मेगाबिट लागतात, ब्लू-रेच्या चित्राला ४० पर्यंत लागू शकतात, आणि तेवढा प्रवाह क्षणभरही तुटून चालत नाही.

आपली हार्ड डिस्कही वायफायवरच असेल, असे वर्णनावरून वाटते. तसे असेल तर प्रत्येक दृश्य त्याच रेडिओलहरींवरून दोनदा प्रवास करते, एकदा डिस्ककडून राउटरकडे आणि पुन्हा राउटरकडून प्लेअरकडे, त्यामुळे उपलब्ध वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणून सर्वांत आधी हार्ड डिस्क राउटरशेजारी आणून लॅन केबलने जोडावी. अनेक घरांत केवळ एवढ्यानेच अडखळणे थांबते.

त्यानंतर भिंतींचा विचार करावा. वाड्याच्या दगड, विटा आणि मातीच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झच्या लहरी फारशा पार होत नाहीत. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पलीकडे पोहोचतात, पण पेठेसारख्या दाट वस्तीत तो पट्टा शेजाऱ्यांच्या राउटरनीही भरलेला असतो. त्या पट्ट्यात १, ६ आणि ११ ही तीनच चॅनेल एकमेकांवर न चढणारी आहेत, तेव्हा राउटर त्यांपैकी सर्वांत मोकळ्या चॅनेलवर ठेवावा. टीव्हीच्या मागे थेट एचडीएमआय खाचेत खोचलेली स्टिक टीव्हीच्या धातूच्या पाठीआड लपते, म्हणून तिच्यासोबत मिळणारी छोटी जोडवायर वापरून ती बाजूला काढावी. लोखंडी कपाट वाटेत येत असेल तर तेही हलवून पाहावे.

या सर्वांहून खात्रीचा उपाय म्हणजे राउटरपासून माजघरातून टीव्हीपर्यंत एक लॅन केबल नेणे. कॅट-५ई केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट वेग देते आणि वासे-तुळयांच्या कडेने ती फारशी दिसतही नाही. प्लेअर विकत घेताना त्याचे पोर्ट १०० मेगाबिटचे आहे की गिगाबिट, हे विचारून घ्यावे. आपल्या संग्रहाला १०० मेगाबिट पुष्कळ झाले. अडचण येईल ती केवळ ४के ब्लू-रेच्या मूळ प्रतींना, कारण त्यांचा वेग १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो.

हार्ड डिस्क अधूनमधून न सापडण्याचे कारण बहुधा निराळे आहे. फायबरची जोडणी देताना सेवादात्याने एक राउटर बसवलेला असतो आणि पुढे आपण स्वतःचा दुसरा राउटर आणून जोडतो. दोन्ही आपापले वेगळे नेटवर्क चालवू लागले तर एकावरील उपकरणाला दुसऱ्यावरील उपकरण दिसत नाही. घरातील उपकरणांनी एकमेकांवरील चित्रफिती चालवाव्यात यासाठी २००३ मध्ये स्थापन झालेल्या डीएलएनए संघटनेने घालून दिलेल्या पद्धतीत उपकरणे एकमेकांना २३९.२५५.२५५.२५० या सामायिक पत्त्यावर हाक देऊन शोधतात, आणि ही हाक सहसा राउटरची वेस ओलांडत नाही. प्लेअर आणि डिस्क यांचे आयपी पत्ते तपासावेत. एक १९२.१६८.१ ने आणि दुसरा १९२.१६८.० ने सुरू होत असेल, तर बहुतेक हेच कारण आहे. आपला राउटर ‘अॅक्सेस पॉइंट’ पद्धतीवर टाकला की दोन्ही उपकरणे एकाच नेटवर्कवर येतात. प्लेअर चुकून पाहुण्यांसाठीच्या गेस्ट नेटवर्कवर जोडलेला नाही ना, हेही पाहून घ्यावे.

प्रश्न : सासऱ्यांच्या कीर्तनाच्या चित्रफितींना मी मराठी उपशीर्षके तयार केली. संगणकावर ती नीट दिसतात, टीव्हीवर मात्र चौकोन दिसतात किंवा वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जातात.
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : आपण घेतलेले कष्ट वाया जाणार नाहीत, पण दोन गोष्टी तपासाव्या लागतील. उपशीर्षकांची एसआरटी फाइल युनिकोडमध्ये, यूटीएफ-८ या पर्यायाने जतन केलेली असली पाहिजे. आपण मजकूर पुण्यातच तयार झालेल्या श्रीलिपीसारख्या प्रणालीच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकित केला असेल, तर तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा लागेल, कारण त्या फॉन्टमधील अक्षरे प्लेअरला देवनागरी म्हणून ओळखताच येत नाहीत.

मजकूर युनिकोडमध्ये असूनही चौकोन दिसत असतील तर प्लेअरकडे देवनागरी फॉन्ट नाही. कोडीमध्ये उपशीर्षकांसाठी नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट निवडता येतो. वेलांट्यांची समस्या याहून खोल आहे. ‘कि’ लिहिताना युनिकोडमध्ये आधी ‘क’ आणि मग वेलांटी साठवली जाते, आणि पडद्यावर वेलांटी डावीकडे आणण्याचे काम प्लेअरला करावे लागते. जोडाक्षरे आणि रफार यांचेही तसेच आहे. अनेक टीव्हींच्या अंगभूत प्लेअरना हे जमत नाही. म्हणून ‘शक्ती, किल्ल्यावर, दुसऱ्या, कीर्तन, क्षितिज’ एवढ्या शब्दांची एक चाचणी-फाइल करून प्रत्येक प्लेअरवर लावून पाहावी. हे पाच शब्द बिनचूक उमटले तर बाकीचा मजकूरही उमटेल, अशी बऱ्यापैकी खात्री बाळगता येते. उत्पादकाच्या माहितीपत्रकात ‘हिंदी उपशीर्षके चालतात’ असे लिहिलेले असले तरी ‘दुसऱ्या’मधील र मराठीचा खास असल्यामुळे मराठी शब्दांवरच तपासावे. काहीच जमले नाही तर संगणकावर उपशीर्षके चित्रातच कायमची उमटवून घेता येतात. तसे करायचे झाल्यास मूळ चित्रफीत वेगळी जपून ठेवावी.

प्रश्न : घरच्या डिस्कवरील चित्रपट पाहताना आमचा इंटरनेट डेटा खर्च होतो का? इंटरनेट बंद असताना प्लेअर चालेल का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : डेटा खर्च होत नाही. इंटरनेट बंद असले तरी राउटर चालू आहे तोवर कोडी आणि जेलीफिन काम करत राहतात. प्लेक्समध्ये खात्याने प्रवेश करावा लागत असल्यामुळे इंटरनेटविना अडचण येऊ शकते, आणि बऱ्याच स्टिकना पहिल्या जुळणीसाठी इंटरनेट लागतेच. घरी आणल्यावर राउटरमधील फायबरची वायर काढून एकदा पाहिले की आपल्या उपकरणाचे वर्तन कळेल.

प्रश्न : एका ओळखीच्या व्यक्तीने ‘सर्व वाहिन्या आणि नवे चित्रपट कायमचे फुकट’ देणारा अँड्रॉइड बॉक्स सुचवला आहे. किंमतही कमी आहे. घ्यावा का?
– एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : घेऊ नये. असे चित्रपट चोरीचे असतात, हे एक कारण पुरेसे आहे. दुसरे कारण आपल्या घराच्या सुरक्षिततेचे आहे. २०२३ मध्ये सुरक्षा संशोधकांनी काही स्वस्त अँड्रॉइड बॉक्समध्ये विक्रीपूर्वीच दडवलेले घातक प्रोग्राम उघडकीस आणले. असा बॉक्स आपल्याच वायफायवर बसतो, जेथून आपण बँकेचे व्यवहार करतो. शिवाय अशा अप्रमाणित बॉक्सना संरक्षित चित्रफितींसाठीची वरच्या पातळीची मान्यता बहुधा नसते, त्यामुळे पैसे भरून घेतलेल्या अधिकृत सेवाही त्यांवर एचडीऐवजी साध्या दर्जात दिसतात. चांगल्या उपकरणावर भारतीय मानक ब्यूरोचा ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो, तो पाहूनच खरेदी करावी.

प्रश्न : आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला माझा मीडिया प्लेअर पूर्वी विंडोज संगणकावरील फोल्डर दाखवत असे. नवा संगणक घेतल्यापासून तो काहीच दाखवत नाही.
– एक वाचक, एरंडवणे

उत्तर : आपल्या प्लेअरला केवळ एसएमबी-१ ही फोल्डर वाचण्याची जुनी पद्धत येत असावी. २०१७ च्या अखेरीपासून विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांत ती मुळातच बंद ठेवलेली असते. त्याच वर्षी मे महिन्यात जगभरातील संगणक ठप्प करणारा ‘वॉनाक्राय’ हल्ला याच पद्धतीतील त्रुटीतून पसरला होता, म्हणून ती पुन्हा सुरू करण्याचा सल्ला कोणी दिला तरी मानू नये. संगणकावर जेलीफिन बसवून त्याला डीएलएनए प्लगइन (जोड-प्रोग्राम) जोडल्यास जुना प्लेअर कदाचित पुन्हा उपयोगी पडेल.

प्रश्न : बाबांचे वय ८२ आहे. त्यांना जुन्या नाटकांची आणि घरगुती समारंभांची चित्रणे स्वतः लावून पाहायची आहेत, पण दोन रिमोट आणि इंग्रजी चौकटी यांमुळे ते टीव्हीपासून दूर राहू लागले आहेत.
– एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : या प्रश्नासाठी मी आपला आभारी आहे, कारण प्लेअरच्या परीक्षणांत चित्राचा दर्जा सगळे मोजतात, पण तो वापरणाऱ्या माणसाची सोय क्वचितच कोणी मोजते.

दोन रिमोटची अडचण एचडीएमआय-सीईसी या सोयीने सुटते. टीव्ही आणि प्लेअर दोन्हींमध्ये ती सुरू केली की टीव्हीच्याच रिमोटने प्लेअरही चालतो. टीव्ही कंपन्या या सोयीला आपापली वेगळी नावे देतात, त्यामुळे सेटिंगमध्ये ती शोधावी लागते. त्यानंतर बाबांच्या शेजारी बसून पाहावे की टीव्ही सुरू केल्यापासून नाटक सुरू होईपर्यंत किती वेळा बटण दाबावे लागते आणि कोणत्या टप्प्यावर त्यांचे बोट थबकते. कोडी सुरू होताच थेट व्हिडिओंची यादी उघडेल, अशी व्यवस्था करता येते. त्यात अक्षरे मोठी दिसतील अशी सजावट (स्किन) निवडावी आणि मेनूची भाषा मराठी करता येते का, हेही पाहावे.

फोल्डरची नावे देवनागरीत आणि बाबांच्या बोलण्यातली द्यावीत. ‘सुमनचे लग्न’ हे नाव ‘व्हिडिओ_०३’ पेक्षा त्यांना कितीतरी जवळचे वाटेल. जेलीफिन वापरत असाल तर संग्रहाचा प्रकार ‘होम व्हिडिओज’ असा निवडावा. ‘मूव्हीज’ निवडल्यास तो इंटरनेटवर नावे शोधतो आणि बाबांच्या नाटकाला एखाद्या परदेशी चित्रपटाचे भित्तिचित्र चिकटवतो. प्लेक्समध्ये यासाठी ‘अदर व्हिडिओज’ हा पर्याय आहे. जाहिरातींनी भरलेला मुखपृष्ठ-पडदा असलेली स्टिक त्यांच्यासाठी टाळावी. चुकीच्या चौकटीवर बोट पडले की वर्गणी मागणारे पान उघडते आणि तेथून परत कसे यायचे, हे वयस्कर माणसाला उमगत नाही.

प्रश्न : आमच्या भागात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते आणि पावसाळ्यात ती केव्हाही जाते. प्लेअर आणि हार्ड डिस्क यांना यूपीएस हवा का?
– एक वाचक, धायरी

उत्तर : प्लेअरला नाही, हार्ड डिस्कला हवा. प्लेअर केवळ वाचतो, त्यामुळे वीज गेली तरी तो पुन्हा सुरू होतो. नेटवर्क हार्ड डिस्क मात्र लिहीत असताना अचानक बंद पडली तर फायली बिघडू शकतात. यूएसबी केबलने डिस्कला जोडता येईल असा यूपीएस घेतल्यास वीज गेल्याचा इशारा मिळताच डिस्क स्वतःहून व्यवस्थित बंद होते. ती जोडणी आपल्या डिस्कला मानवते का, हे खरेदीपूर्वी तपासावे.

स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबी खाचेतून देऊ नये. ती अनेकदा अपुरी पडते आणि प्लेअर मध्येच पुन्हा सुरू होत राहतो, म्हणून सोबतचा अॅडॅप्टरच वापरावा. लॅन केबल गच्चीवरून किंवा इमारतीच्या बाहेरून नेलेली असेल, तर विजांचा कडकडाट सुरू होण्यापूर्वी ती दोन्ही टोकांकडून काढून ठेवावी.